आठ अधिक आठ किती?

मोबाइलच्या दुकानात काचेखाली मांडलेली खोकी नीट पाहिलीत, तर हल्ली त्यांच्यावर एक बेरीज छापलेली दिसते : '८ जीबी + ८ जीबी रॅम'. काही ठिकाणी तर बेरीज करून उत्तरही देतात, '१६ जीबीपर्यंत रॅम'. त्या 'पर्यंत'चा टाइप बारीक असतो. या बेरजेतले पहिले आठ खरे आहेत आणि दुसरे आठ उसने. फोनच्या साठवणुकीतला, म्हणजे जिथे आपले फोटो आणि व्हिडिओ राहतात त्या फ्लॅश मेमरीतला एक तुकडा बाजूला काढून त्याला रॅमच्या रांगेत उभं केलेलं असतं.

दरवर्षी बारावीचे आणि प्रवेशाचे निकाल लागले की नात्यागोत्यातून मला फोन येऊ लागतात. लॅपटॉप कोणता घेऊ? जुना मंद झालाय, त्यात रॅम वाढवू की एसएसडी टाकू? पेन ड्राइव्ह लावून वेग वाढतो म्हणतात, ते खरं का? विचारणाऱ्याकडे बहुतेकदा दोन-तीन हजार रुपये असतात आणि ते एकदाच खर्च करता येणार असतात. म्हणून मला हा प्रश्न किरकोळ वाटत नाही. तो नवाही नाही. 'मेमरी वाढवावी, की मेमरीचा भास निर्माण करावा?' हा वाद साठ वर्षांहून जुना आहे. त्याचा इतिहास माहीत असला, तर खोक्यावरची बेरीज आपली आपल्याला तपासता येते.

ओटा, दुकान आणि गाव

आधी अंतरं समजून घेऊ. प्रोसेसरला एखादी गोष्ट रॅममधून हवी असेल, तर ती साधारण १०० नॅनोसेकंदांत मिळते. आजच्या बऱ्यापैकी एसएसडीतून तीच गोष्ट आणायला सुमारे १०० मायक्रोसेकंद लागतात. फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कला १० मिलिसेकंदांच्या आसपास. हे आकडे वाचून काहीच जाणवत नाही, कारण तिन्ही आपल्या पापणी लवण्यापेक्षा लहान आहेत. म्हणून ते ताणून बघू. रॅमला लागणारा वेळ एक सेकंद धरा. म्हणजे ओट्यावर ठेवलेला मिठाचा डबा हात लांबवून घेतला. या हिशेबाने एसएसडीला सोळा-सतरा मिनिटं लागतात : चपला घालून कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन मीठ आणलं. आणि हार्ड डिस्कला? जवळजवळ अठ्ठावीस तास. मीठ आणायला गावी जाऊन मुक्काम करून परत आलो.

भाजी करताना प्रत्येक चिमटीसाठी गावी जावं लागलं तर स्वयंपाक कधी होणार? संगणक मंद होतो, तो बहुतेकदा असाच. प्रोसेसर रिकामा बसलेला असतो आणि मीठ रस्त्यात असतं.

मग सगळंच ओट्यावर का ठेवत नाही? कारण ओटा महाग असतो. संगणकाच्या जन्मापासून हेच रडगाणं आहे : जी मेमरी जलद ती महाग आणि थोडी, जी स्वस्त ती मंद आणि भरपूर. शिवाय रॅम वीज गेली की सारं विसरते. वीज चालू असतानासुद्धा तिच्यातले सूक्ष्म विद्युतभार गळत असतात आणि सेकंदाला अनेकदा ते पुन्हा भरावे लागतात.

मँचेस्टरची युक्ती

मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशातला आपल्या लोकांनी बनवलेला पहिला पूर्ण क्षमतेचा संगणक १९६० साली कामाला लागला. पुढे त्याला 'टिफ्रॅक' असं नाव मिळालं. त्याची मुख्य मेमरी बारीक चुंबकीय कड्यांची होती. सुरुवातीला तिच्यात १०२४ शब्द मावत आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा होता. आजच्या मापात हे झाले ५ किलोबाइट. सकाळी कौटुंबिक ग्रुपवर येणाऱ्या सुप्रभातच्या चित्रात अशा कित्येक मेमऱ्या बुडून जातील. पण शास्त्रज्ञांनी त्यावर खरी गणितं केली. कशी? काटकसरीने. कार्यक्रमाचा कोणता तुकडा आत राहील, कोणता बाहेर जाईल, कधी परत येईल, हे त्या काळात प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागे. तुटपुंज्या मेमरीवर काम करणाऱ्या जगातल्या सगळ्यांचीच ही कथा होती, आणि यात माणसांचे तासन् तास जात.

इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेरँटी कंपनीबरोबर 'अ‍ॅटलास' नावाचा संगणक बांधला. ७ डिसेंबर १९६२ रोजी त्याचं उद्घाटन झालं. अ‍ॅटलासकडे १६ हजार शब्दांची जलद कोअर मेमरी होती आणि त्याच्या सहापट, ९६ हजार शब्दांचं, फिरत्या पिंपावरचं मंद चुंबकीय साठवण होतं. कोअरमधून शब्द मिळायला दोन मायक्रोसेकंद लागत. पिंपावरचा शब्द फिरत फिरत वाचनाच्या टोकाखाली येईपर्यंत काही मिलिसेकंद जात. म्हणजे हजारो पट फरक.

किलबर्न यांच्या गटाने ठरवलं, की ही ने-आण माणसाने करायची नाही. त्यांनी मेमरीची ५१२ शब्दांची एकेक 'पानं' पाडली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सांगितलं : तू समज, तुझ्याकडे एकच मोठी मेमरी आहे. हवं ते पान कोअरमध्ये नसेल तर यंत्र स्वतः ते पिंपावरून आणेल आणि जागा करण्यासाठी, लवकर लागणार नाही असं वाटणारं एखादं पान पिंपावर पाठवून देईल. कोणतं पान लवकर लागणार नाही, हे ओळखायला त्यांनी एक 'शिकणारा' प्रोग्रॅमही बसवला. तो आधीच्या वापराकडे पाहून अंदाज बांधत असे.

यालाच पुढे व्हर्च्युअल मेमरी म्हणू लागले. तुमच्या फोनच्या खोक्यावर छापलेले दुसरे आठ जीबी त्याच कल्पनेचे नातू आहेत. फरक इतकाच, की मँचेस्टरच्या लोकांनी ती माणसाचे श्रम वाचवायला शोधली होती. खोक्यावर बेरीज छापायची त्यांना गरज नव्हती.

चोरकप्पा

तीनच वर्षांनी केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी उलट्या बाजूने विचार केला. १९६५ साली त्यांनी एक अगदी छोटा निबंध लिहिला. मोठ्या मेमरीच्या पुढ्यात एक लहान पण खूप जलद मेमरी ठेवा आणि नुकतं वापरलेलं तिच्यात आपोआप राहू द्या, असं त्यांनी सुचवलं. तिला त्यांनी 'गुलाम मेमरी' म्हटलं. १९६८ मध्ये आयबीएमने सिस्टिम ३६०च्या ८५ क्रमांकाच्या मॉडेलमध्ये ही कल्पना बाजारात आणली. त्यावरचा लेख छापायला आला तेव्हा आयबीएमच्या नियतकालिकाचे संपादक लाइल जॉन्सन यांना 'अतिजलद बफर' हा शब्दप्रयोग रटाळ वाटला आणि त्यांनी सुचवलं, 'कॅश' म्हणा. पैशांची कॅश नव्हे. लपवून ठेवणं अशा अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आलेला हा शब्द आहे. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे : चोरकप्पा. लागेल तेव्हा चटकन हाताशी येतो आणि बाहेरून दिसत नाही.

चोरकप्प्याची जादू चालते, कारण प्रोग्रॅमच्याही सवयी असतात. आत्ता लागलेली गोष्ट थोड्या वेळाने पुन्हा लागते आणि तिच्या शेजारची गोष्टही बहुधा लागतेच. मिठाचा डबा उघडला की हळदीचा उघडणारच. म्हणून लहानशी कॅशसुद्धा बहुतेक मागण्या जागच्या जागी पुरवू शकते.

पण याला एक मर्यादा आहे आणि ती पीटर डेनिंग या तरुण संशोधकाने १९६८ मध्येच स्पष्ट केली. कोणत्याही कामाचा, त्या त्या घडीला सतत लागणारा असा एक संच असतो. डेनिंग यांनी त्याला 'वर्किंग सेट' म्हटलं. हा संच जलद मेमरीत मावतोय तोवर सारं सुरळीत चालतं. तो थोडासा जरी जास्त झाला, तरी वेग थोडासा कमी होत नाही, तो कोसळतो. एक पान आत आणायला दुसरं बाहेर टाकावं लागतं, आणि बाहेर टाकलेलं लगेच हवं असतं. मग यंत्र दिवसभर फक्त पानांची ने-आण करतं. घाण्याचा बैल चालतो खूप, पोचत कुठेच नाही. या अवस्थेला इंग्रजीत 'थ्रॅशिंग' म्हणतात. लॅपटॉपचा पंखा घोंघावतोय, डिस्कचा दिवा अखंड लुकलुकतोय आणि साधी खिडकी बंद व्हायला मिनिट लागतंय, असा अनुभव ज्याने घेतलाय त्याने डेनिंग यांचा निबंध न वाचताच वाचला आहे.

आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. कॅश ने-आणीचा त्रास कमी करते. ती ओटा मोठा करत नाही.

दुप्पट रॅमची पेटी

ओटा मोठा करणं परवडत नसलं, की भास विकणारे येतात. १९९५ साली विंडोज ९५ बाजारात आलं. त्याला किमान ४ मेगाबाइट रॅम लागायची आणि नीट काम करायचं तर ८. त्या वेळी अमेरिकेतही एका मेगाबाइटला तीसेक डॉलर पडत. जीबीला नव्हे, एमबीला. अशा वेळी सिंक्रोनिस नावाच्या कंपनीने 'सॉफ्टरॅम ९५' नावाचं सॉफ्टवेअर आणलं. हे घाला, तुमची रॅम दुप्पट होईल, असा दावा. ते पडद्यावर आकडेही दुप्पट झालेले दाखवायचं. सहा लाखांच्या आसपास प्रती विकल्या गेल्या.

मग काही चिकित्सक प्रोग्रॅमरांनी ते उघडून पाहिलं. पुढे विंडोजच्या अंतरंगाचे जाणकार म्हणून नावाजलेले मार्क रुसिनोविच त्यांच्यापैकी एक. विंडोज ९५ वर हे सॉफ्टवेअर मेमरी दाबून लहान करत नव्हतं. दाखवण्यापुरते आकडे होते, काम नव्हतं. १९९६ मध्ये अमेरिकेच्या ग्राहकहित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली आणि कंपनीला खोटे दावे थांबवावे लागले.

यातली गंमत अशी, की कल्पना खोटी नव्हती. मेमरीतला मजकूर दाबून बसवता येतो. २०१३ साली अ‍ॅपलने मॅकमध्ये हे प्रामाणिकपणे केलं आणि अँड्रॉइडमध्येही त्याच सुमारास ती सोय आली. आज तुमच्या फोनमध्ये न वापरलेली पानं अशीच घडी घालून रॅममध्येच ठेवली जातात. कल्पना खरी असते आणि तिच्या नावावर विकलेली वस्तू खोटी निघते, हा प्रकार या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटतो.

मासुओका यांची फ्लॅश

दरम्यान जपानमध्ये तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका नावाचा अभियंता वेगळ्याच वाटेने चालला होता. त्याला वीज गेल्यावरही लक्षात ठेवणारी आणि तरीही स्वस्त अशी चिप हवी होती. त्याने प्रत्येक बिट वेगळा पुसण्याचा हट्ट सोडला आणि एक अख्खा ठोकळा एकदम पुसायचं ठरवलं. हे एका झटक्यात पुसलं जाणं पाहून एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि नाव पडलं फ्लॅश मेमरी. १९८४ मध्ये मासुओका यांनी ती जगापुढे मांडली. १९८७ मध्ये तिचा अधिक दाटीचा प्रकार आला, तो नँड. आज तुमच्या हातातल्या फोनमधले फोटो याच नँडमध्ये आहेत.

मासुओका यांना आपल्या शोधाचं मोल मिळालं नाही असं वाटत होतं. त्यांनी २००४ साली तोशिबावर दावा लावला. २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. त्यांनी मागितले होते १०० कोटी.

फ्लॅशचा स्वभाव लक्षात ठेवायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ती वाचायला जलद, लिहायला त्यामानाने मंद. लिहिण्याआधी ठोकळा पुसावा लागतो. आणि प्रत्येक ठोकळा ठरावीक वेळाच पुसला जाऊ शकतो, नंतर झिजतो. रॅमला ही झीज नसते. म्हणजे फ्लॅश ही चांगली कोठी आहे. ओटा म्हणून वापरायला ती बनलेलीच नाही.

पेन ड्राइव्हचे दिवस

तरीही एकदा तिला ओट्याशेजारी बसवण्याचा गाजावाजा झाला. ३० जानेवारी २००७ रोजी विंडोज व्हिस्टा सर्वांसाठी खुलं झालं. ते दिसायला देखणं आणि खायला हावरट होतं. किमान ५१२ एमबी रॅम सांगितली होती आणि तेवढ्यात ते रांगायचं. त्यातच 'रेडीबूस्ट' नावाची सोय होती. पेन ड्राइव्ह लावा, विंडोज विचारेल 'याने वेग वाढवू का?', हो म्हणा.

मी तेव्हा शिकत होतो. आमच्या खोलीत पाच जणांत एक लॅपटॉप होता, ५१२ एमबीचा, आणि त्याला कायम एक पेन ड्राइव्ह टोचलेला असायचा. त्याचा निळा दिवा रात्रभर लुकलुकायचा. यामुळे लॅपटॉप धावतो यावर दोघांची श्रद्धा होती, दोघांचा अविश्वास. पाचवा लॅपटॉपचा मालक, त्याचं मत घड्याळाप्रमाणे बदलायचं. शेवटी आम्ही लॅमिंग्टन रोडवर गेलो. तिथल्या अरुंद गाळ्यातल्या माणसाने आमचं व्याख्यान अर्ध्यातच थांबवलं आणि म्हणाला, "पेन ड्राइव्हमध्ये गाणी ठेवा. रॅम टाका." एक जीबीची पट्टी त्याने दोन मिनिटांत बसवून दिली.

त्या माणसाचं म्हणणं बरोबर का होतं, हे मला पुष्कळ नंतर समजलं. रेडीबूस्टची रचना खरंतर हुशार होती. विंडोज आधी पेन ड्राइव्हची परीक्षा घ्यायचं. विस्कळीत पडलेले चार-चार किलोबाइटचे तुकडे सेकंदाला किमान २.५ एमबी वेगाने वाचता आले तरच पास. हार्ड डिस्क सलग मोठी फाइल झपाट्याने वाचते. मात्र इकडेतिकडे विखुरलेले बारीक तुकडे गोळा करताना तिची सुई नुसती धावत सुटते. म्हणून विंडोज मोठ्या सलग गोष्टी डिस्ककडून घ्यायचं आणि बारीक चिल्लर पेन ड्राइव्हकडून. पेन ड्राइव्हमधल्या प्रत्येक गोष्टीची प्रत डिस्कवरही असायची. त्यामुळे कोणी मध्येच तो उपटला तरी काही बिघडत नसे. शिवाय सगळं कूटबद्ध केलेलं, म्हणजे हरवलेल्या पेन ड्राइव्हमधून कोणाला काही वाचता येऊ नये.

आता मघाचा ताणलेला हिशेब लावा. परीक्षेत काठावर पास झालेल्या पेन ड्राइव्हला एक तुकडा द्यायला दीडेक मिलिसेकंद लागायचा. म्हणजे आपल्या मापात साडेचार तास. गावी जाऊन यायच्या अठ्ठावीस तासांपुढे साडेचार तास म्हणजे चैनच. पण ओट्यावरचा डबा एका सेकंदात मिळत होता.

त्या काळी प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीचे आकडे हेच सांगतात. ५१२ एमबी रॅमच्या यंत्रावर एका कामाला ११.७ सेकंद लागत होते. रेडीबूस्ट लावल्यावर तेच काम २ सेकंदांत झालं. वा! मग पेन ड्राइव्ह काढून रॅम १ जीबी केली, तर ०.८ सेकंद. या तीन आकड्यांत सगळा वाद मिटतो. फ्लॅशची कॅश खोटी नव्हती. तिने खरंच मदत केली. पण तिची मदत लागत होती ती रॅम कमी असल्यामुळे, आणि रॅम पुरेशी झाली की तिला फारसं काम उरत नव्हतं.

इंटेलने हीच कल्पना लॅपटॉपच्या पोटात नेली. २००७ च्या मे महिन्यात 'टर्बो मेमरी' नावाचं, एक जीबीच्या फ्लॅशचं छोटं कार्ड आलं. त्यावर एचपी आणि सोनी या बड्या कंपन्यांनी पाठ फिरवली. जास्तीच्या पैशांच्या मानाने लाभ नाही, असा हिशेब होता. लॅमिंग्टन रोडवरच्या माणसाचंही मत हेच होतं.

कोठीच बदलली

पुढे जे घडलं ते दोन्ही पक्षांना अनपेक्षित होतं. फ्लॅश इतकी स्वस्त झाली, की तिला हार्ड डिस्कपुढे चोरकप्पा म्हणून ठेवण्याची गरजच संपली. हार्ड डिस्कच काढून टाकता येऊ लागली. २००८ च्या पहिल्या मॅकबुक एअरमध्ये ६४ जीबीच्या एसएसडीसाठी ९९९ डॉलर जास्त मोजावे लागत. दोनच वर्षांनी एअर फक्त फ्लॅशवरच मिळू लागला. विंडोजनेही भाषा बदलली. एसएसडी असलेल्या यंत्रावर रेडीबूस्ट लावायला गेलात, तर ते सांगायचं की हे यंत्र पुरेसं जलद आहे, तुम्हाला याचा उपयोग नाही.

इंटेलने आणखी एक प्रयत्न केला. २०१७ मध्ये 'ऑप्टेन मेमरी' आली, १६ आणि ३२ जीबीची. तंत्र खरोखर वेगळं होतं, फ्लॅशहून जलद होतं. पण दुकानांच्या जाहिरातींत ८ जीबी रॅम आणि १६ जीबी ऑप्टेन मिळून '२४ जीबी मेमरी' असं छापून येऊ लागलं. ऑप्टेन तिथे हार्ड डिस्कची कॅश होती. रॅम आठच जीबी होती. २०२२ मध्ये इंटेलने ऑप्टेनचा धंदा गुंडाळला. बेरीज मात्र मागे राहिली आणि २०२१ पासून फोनच्या खोक्यांवर जाऊन बसली.

फोनवरच्या बेरजेचा अर्थ आता सहज लागेल. दुसरे आठ म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान. मागे पडलेलं एखादं अ‍ॅप फोन तिथे नेऊन ठेवू शकतो, म्हणजे ते पुन्हा उघडताना पहिल्यापासून सुरू होत नाही. एवढा फायदा खरा आहे. पण समोर चालू असलेला गेम त्याने धावणार नाही, कारण गेमला जे लागतं ते ओट्यावरच लागतं. वर त्या लिखाणाने फ्लॅश थोडी थोडी झिजते आणि तुमच्या साठवणुकीतले तेवढे जीबी कमी होतात. ४ जीबीच्या फोनमध्ये ही सोय चालू ठेवून बघा, फरक जाणवला तर ठेवा. १२ जीबीच्या फोनमध्ये ती फक्त खोक्यासाठी आहे.

मग पैसे कशावर घालायचे?

मला फोन करणाऱ्यांना मी एकच काम सांगतो. तुमचा नेहमीचा पसारा उघडा : वीस टॅब, ऑनलाइन तास, वर्डची फाइल, गाणी. मग टास्क मॅनेजर उघडून दोन आकडे बघा, मेमरी आणि डिस्क. मेमरी काठोकाठ भरली असेल आणि यंत्र अडखळत असेल, तर तुमचा वर्किंग सेट मावत नाहीये. रॅम टाका. मेमरी अर्धी रिकामी आहे, डिस्क मात्र शंभर टक्क्यांवर आहे आणि आत फिरती हार्ड डिस्क आहे, तर एसएसडी टाका. जुन्या लॅपटॉपला तो पुनर्जन्म वाटेल. मेमरी भरलेली आणि हार्ड डिस्कही जुनी, पैसे एकाचेच, अशी पेचाची वेळ बऱ्याच जणांवर येते. ४ जीबी किंवा कमी असेल तर मी रॅमकडे झुकतो, ८ असेल तर एसएसडीकडे. आणि एसएसडी आहे, रॅमही रिकामी आहे, तरी मंद चालतं? मग दोष मेमरीत नाही, तिथे पैसे घालू नका. पेन ड्राइव्हची कॅश यातल्या कोणत्याच रांगेत येत नाही.

हा सल्ला देताना एक गोष्ट मात्र दिवसेंदिवस जड जाते. रॅम 'टाका' म्हणायला ती टाकता आली पाहिजे. पातळ लॅपटॉपच्या नादात अनेक कंपन्या रॅम बोर्डावर कायमची डकवून देतात. २००८ च्या त्याच पहिल्या एअरमध्ये २ जीबी रॅम अशीच चिकटवलेली होती. आता ती रीत झाली आहे आणि फोनमध्ये तर दुसरा मार्गच नाही. खरेदीच्या दिवशी जेवढी घेतली तेवढीच आयुष्यभर. ज्याच्याकडे त्या दिवशी पैसे कमी होते, त्याला पुढे कमावून चूल मोठी करता येत नाही, फक्त घर बदलता येतं. चांगला चालणारा लॅपटॉप केवळ पट्टी बसत नाही म्हणून भंगारात जातो. त्यातच २०२५ च्या अखेरीस एआयच्या यंत्रांनी बाजारातली मेमरी ओढून घेतल्याने रॅमचे भाव पुन्हा भडकले. भाव चढले की भास विकणारे येतात, हे आपण १९९५ मध्ये पाहिलं आहे.

म्हणून नवीन यंत्र घेताना जीबी किती, हे विचारण्याआधी दोन प्रश्न विचारा. यातली खरी रॅम किती? आणि उद्या वाढवता येईल का? या दोन प्रश्नांची सरळ उत्तरं देणाऱ्या दुकानदाराकडे चार पैसे जास्त गेले, तरी मला तो सौदा महाग वाटत नाही.